शामलाबाईंचे आतले दरवाजे

शामला भोयर छत्तीस वर्षांची झाली तेव्हा तिनं प्रताप नगरच्या एका ले-आउटमध्ये प्लॉट घेतला आणि अडतिसाव्या वर्षी त्यावर घर बांधायला काढलं. ती मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. लग्न झालेलं नव्हतं. सतरा मुलं तिला बघून गेली असं घरात सांगत. तिनंही त्या सतरा मुलांना बघितलं होतं, याची दखल मात्र कोणी घेतली नव्हती.

तोवरचं आयुष्य तिनं नागपुरातल्या महाल भागात, भाड्याच्या दोन खोल्यांत काढलं. आई पार्वतीबाई, थोरला भाऊ रुपराव, त्याची बायको इंदूबाई आणि ती. दोन खोल्यांच्या मध्ये दार नव्हतं, दाराच्या जागी चादर होती. साडी बदलायची तर आईनं धोतर धरून उभं राहायचं, आणि धरल्या धरल्या जगातल्या सगळ्या विषयांवर बोलायचं. पेपर तपासायचे तर चुलीजवळ, पाटावर. एकदा सहावी 'अ'च्या गठ्ठ्यावर फोडणी उडाली आणि वर्गाला वरणाच्या वासाचे मार्क मिळाले. रडायचं असलं तर नळावर जावं लागे, आणि तिथे रांग असे. म्हणून घराची वही घातली तेव्हा तिनं पहिल्याच पानावर लिहिलं: आतले दरवाजे पाच, प्रत्येकाला आतून कडी.

सुतार धोंडबा सावनेरचा. साठीचा, अंगानं काटकुळा. बोलायचं असलं की तो रंधा खाली ठेवायचा, आणि त्याला बोलायचं बरंच असायचं. चौकटी उभ्या राहिल्या त्या दिवशी शामलानं विचारलं, "धोंडबाजी, दारांचे पल्ले कधी लावता?"

"सगळ्यात शेवटी, बाई."

"म्हणजे कधी?"

धोंडबानं रंधा खाली ठेवला. "पह्यले प्लास्टर वाळू द्याचं. मंग फरशी. फरशीची घिसाई. मंग भिंतीचा चुना. हे समदं झाल्यावर पल्ले. नवं घर म्हणजे नुकतं न्हालेलं माणूस असते. सहा महिने त्याच्या आंगातून पाणी निघते. तुम्ही लाकूड आत नेऊन टांगलं का ते पाणी लाकूड पिते. पिलं का फुगते. फुगलं का चौकटीत अडकते. मंग लोक म्हणते, सुतार बेइमान."

"आणि रंग?"

"पल्ला एकदा टांगून पाहाचा, बराबर बसते का. मंग पुन्हा काढाचा, आडवा ठेवाचा, आन् सगळ्या आंगाले अस्तर माराचं. वरच्या कडेले आन् खालच्या कडेले पह्यले. ती कड कोणाले दिसत नाही म्हणून पेंटर लोक सोडून देते. पाणी तिथूनच शिरते."

शामलाला हे एकदम पटलं. कंस सोडवल्याशिवाय गुणाकाराला हात लावायचा नाही, हे ती पंधरा वर्षं मुलींना सांगत होती. तिनं धोंडबाचा क्रम वहीत उतरवून घेतला. सागाचं लाकूड अंगणात टिनाखाली, मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवलं, आणि शाळेतून आली की ती त्यावरून हात फिरवून बघायची.

रुपराव एका सरकारी कचेरीत कारकून होता. तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं आणि त्या परमिटसाठी रुपरावनं दोन महिने चकरा मारल्या होत्या, हे खरं. त्या चकरांमुळे घर आपलंच आहे असं त्याला वाटायला लागलं, हेही खरं. शामलाला हे कळलं ते शाळेत. हिंदीच्या बाईंनी तिला मधल्या सुट्टीत गाठलं, "तुमच्या भावानं घर बांधलं म्हणे," म्हणाल्या, आणि पर्समधून छापील पत्रिका काढली. अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी श्री. रुपराव भोयर यांच्या नूतन वास्तूत सर्वांनी अगत्य येण्याचे करावे. खाली व्यवस्थापकांमध्ये पार्वतीबाईंचं नाव होतं. शामलाचं कुठेच नव्हतं.

संध्याकाळी तिनं पत्रिका रुपरावच्या ताटाशेजारी ठेवली.

"भाऊ, यावर तुह्यं नाव हाय."

"मंग कोणाचं राहीन? बाईमाणसाचं नाव पत्रिकेवर बरं दिसते का?"

"लग्नाच्या पत्रिकेवर दिसते," पार्वतीबाई कोपऱ्यातून म्हणाल्या. "ते काई हिले जमलं नाही." पार्वतीबाई कोणाच्याच बाजूनं नसत. जे सुचेल ते बोलून मोकळ्या होत.

शामलानं तिकडे दुर्लक्ष केलं. "दरवाजे झाले नाहीत अजून. फरशी फक्त समोरच्या खोलीत हाय. अखजीले कसं जमते?"

"समोरचा दरवाजा लागला ना? झालं मंग. आतमंधी कोणता चोर येऊन राहिला? घरात आपणच तं आपण. आपल्याच घरात कोणापासून लपाचं हाय?"

यावर शामलाजवळ उत्तर होतं. पण ते अडतीस वर्षं लांबीचं होतं आणि रुपरावचं जेवण होत आलं होतं.

अखजीच्या दोन दिवस आधी सगळे प्रताप नगरला राहायला आले. पाच चौकटी, पल्ला एकालाही नाही. खोल्यांचं एक वेळ चालून गेलं, पण न्हाणी आणि संडास यांच्यासमोर इंदूबाईनं दोरीवर जुनी वांगी रंगाची साडी टाकली. आत कोणी आहे हे कळावं म्हणून ज्यानं त्यानं आपापली खूण ठरवली. रुपराव खोकायचा. इंदूबाई बांगड्या वाजवायची. शामला मनातल्या मनात मोजत बसायची आणि मधूनच एखादा आकडा मोठ्यानं म्हणायची. पार्वतीबाई बसल्या की उठेपर्यंत "मी हाय आत, मी हाय," असं ले-आउटभर सांगत राहायच्या.

अखजीला पन्नास-साठ माणूस जेवलं. पुरणपोळी आणि आमरस. रुपरावचे हेड क्लार्क भैय्याजी सहकुटुंब आले होते. भारदस्त माणूस, कचेरीत त्यांची वहाण वाजली की लोक माना खाली घालत. त्यांनी आमरसाच्या पाच वाट्या घेतल्या, मग आणखी एक घेतली, आणि हात धुताना रुपरावच्या कानात काहीतरी विचारलं. रुपरावनं अदबीनं त्यांना मागे नेलं, हातात तांब्या दिला, आणि स्वतः पहाऱ्यासारखा उभा राहिला. तेवढ्यात त्याला समोरून कोणी हाक मारली म्हणून तो गेला.

मागच्या पडवीत बायकांची पंगत बसली होती. वैशाखातलं वावधान, म्हणजे धुळीचं वादळ, नागपुरात सांगून येत नाही. आधी पत्रावळी उडाल्या. मग धुळीचा एक लोट कुंपणावरून आत आला, पडवीतून फिरला आणि जाताना वांगी रंगाची साडी दोरीसकट घेऊन गेला. ती शेजारच्या रिकाम्या प्लॉटवरच्या बाभळीत जाऊन अडकली.

धूळ खाली बसली. बारा बायका हातात घास धरून समोर बघत होत्या. समोर भैय्याजी बसलेले होते. त्यांना काय करावं ते सुचेना. आयुष्यभराच्या सवयीनं त्यांनी दोन्ही हात जोडले आणि नमस्कार केला.

पार्वतीबाईंनी खरकटा हात कपाळाला लावून नमस्कार परत केला. "बसा, साहेब, बसा," त्या म्हणाल्या. "घर आपलंच हाय."

भैय्याजींनी सोमवारी कचेरीत या विषयाचा उल्लेख केला नाही. त्यांनी फक्त रुपरावचं टेबल रेकॉर्डरूममध्ये हलवलं, जिथे खिडकी नव्हती.

त्यानंतर रुपरावला दरवाज्यांनी झपाटलं. तो धोंडबाच्या मागे लागला. धोंडबा म्हणाला, "रुपरावजी, खाली फरशी नाही. आज पल्ले टांगले तं उद्या फरशी टाकताना खालून कापा लागतीन." रुपरावनं ऐकून घेतलं. मग शामला पंधरा दिवसांच्या शिक्षक-शिबिरासाठी अमरावतीला गेली, त्या आठवड्यात त्यानं दुसरा सुतार आणला. त्या सुताराचं नाव कोणाला नीट कळलं नाही, कारण तो दोनच दिवस होता. दोन दिवसांत त्यानं पाच पल्ले तासले, जोडले आणि टांगले. पाठोपाठ पेंटर ताराचंद आला. ताराचंद फार गोड माणूस. गिऱ्हाइकानं काहीही म्हटलं की तो "बिलकुल, साहब," म्हणायचा. रुपराव म्हणाला, काढून-बिढून रंगवायला वेळ नाही, जागच्या जागी मार. ताराचंद म्हणाला, "बिलकुल." त्यानं कचेऱ्यांच्या खिडक्यांना असतो तो हिरवा ऑइलपेंट पल्ल्यांना मारला, बिजागऱ्यांना मारला, कड्यांना मारला, आणि एका पालीच्या शेपटीलाही मारला. ती पाल पुढे महिनाभर घरात ओळखू यायची.

शामला परत आली तेव्हा इंदूबाई तिला म्हणाली, "वन्सं, मले कोणी विचारलं नाही हो." इतकं बोलून ती स्वयंपाकघरात गेली.

शामला बॅग घेऊन तिच्या खोलीसमोर उभी राहिली. हिरवा दरवाजा. या दरवाज्याचा विचार तिनं इतक्या वेळा केला होता की तो लागेल त्या दिवशी कुठली साडी नेसायची हेही ठरलेलं होतं. तो ती गावात नसतानाच लागून गेला होता. तिनं आत जाऊन तो लोटला. बोटांना रंग चिकटला. पल्ला चौकटीत जेमतेम बसला, पण कडी हालेना. रंगानं ती जागच्या जागी जाम झाली होती. ती ट्रंकेवर बसली. रडावंसं वाटलं, पण बाहेर रुपराव आईला सांगत होता की आता कसं घर घरासारखं वाटतं, आणि त्या आवाजात रडणं तिला कमीपणाचं वाटलं.

दुसऱ्या दिवशी धोंडबा आला. स्टुलावर चढला, पल्ल्याच्या वरच्या कडेवरून बोट फिरवलं आणि ते शामलाला दाखवलं. बोटावर भुसा होता. रंगाचा ठिपका नव्हता.

"आता काय कराचं?" शामलानं विचारलं.

"आता काई नाही. पाणी पिऊ द्या त्याइले. फुगतीन तवा मले बोलवा." स्टूल जागेवर ठेवून तो निघून गेला.

जुलैत चार दिवस पावसाची झड लागली. पाचव्या दिवशी सकाळी सहाला रुपरावच्या खोलीतून धडधड ऐकू आली. शामला डोकं विंचरत होती. तिची शाळा सातला भरायची.

"शामे," आतून रुपराव म्हणाला, "दरवाजा निघून नाही राहिला."

शामलानं बाहेरून ढकललं. पार्वतीबाईंनी मदतीला पाठ लावली. आतून रुपरावनं मूठ धरून ओढली आणि मूठ त्याच्या हातात आली. दरवाजा चौकटीत असा रुतला होता की मधून दोरा गेला नसता.

"लाथ मार," रुपराव म्हणाला. "नाई तं कुऱ्हाड आण. तोड."

शामलानं कंगवा खाली ठेवला. "भाऊ, दरवाजा कोणाचा हाय?"

"काय म्हणते?"

"पत्रिकेवर घर तुह्यं हाय. तुह्या घरातला दरवाजा मी कशी तोडू?"

आत कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. ती इंदूबाई होती.

"शामे, मले कचेरी हाय. ही काय येळ हाय का?"

"मले दुसरी येळ भेटली नाही. तू जेवत राहते, नाई तं झोपून राहते, नाई तं परमिटचं सांगत राहते. आज तू कुठं जाऊन नाही राहिला." तिचा आवाज वर्गात असतो तसा, सपाट होता. "दोन महिने तू सिमेंटसाठी फिरला. मी ते विसरली नाही. पण मले विचारल्याबिगर पत्रिका छापली, मले विचारल्याबिगर दरवाजे लावले. माह्या खोलीलेसुद्धा. मी गावात नसताना. काहून?"

"अवं, चांगल्यासाठीच केलं ना."

"मी काहून म्हटलं."

शामलानं घड्याळ बघितलं. तिला वीस मिनिटं होती.

"मले वाटलं," आतून हळू आवाज आला, "लोक काय म्हणतीन. चाळीस वर्षांचा झालो, बहिणीच्या घरात राहून राहिलो."

हे उत्तर शामलाला अपेक्षित नव्हतं. तिनं दरवाज्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

"राह्य ना मंग," ती म्हणाली. "नको राहू असं मी कधी म्हटलं? पण घर कोणाचं हाय ते एकदा सांगून दे."

"शामीचं," रुपराव पुटपुटला.

"ऐकू नाही आलं," पार्वतीबाई म्हणाल्या. त्यांना चांगलं ऐकू येत होतं.

"घर शामीचं हाय."

"मंग मी काई तोडत नाही," शामला म्हणाली. "धोंडबाजी हुडकेश्वरले काम करून राहिले, त्याइले घेऊन येते. पण पह्यले शाळा. आठवीचे दोन तास हायेत."

ती खरोखरच शाळेत गेली आणि अपूर्णांकांची वजाबाकी शिकवली. घरी पार्वतीबाईंनी खिडकीच्या गजांतून चहा दिला, मग पोहे दिले. शेजारपाजारचे येऊन बघून गेले. साडेआठच्या सुमारास एक लोटा गजांमधून आत गेला आणि थोड्या वेळानं बाहेर आला. त्याबद्दल घरात पुढे कोणी अवाक्षर काढलं नाही. बाकीचा वेळ आत इंदूबाई बोलत होती. लग्नाला बारा वर्षं झाली होती, आणि नवरा उठून बाहेर जाऊ शकत नाही अशी सकाळ तिला पहिल्यांदाच मिळाली होती. पार्वतीबाई दाराला कान लावून बसल्या. पुढे त्या सांगत, की त्यांच्या स्वतःबद्दलचा भाग आला तेव्हाही त्या उठल्या नाहीत, कारण बरंचसं खरं होतं.

अकराला शामला सायकल हातात धरून चिखलातून आली, मागे धोंडबा. त्यानं खिडकीशी जाऊन आत बघितलं.

"बिजागऱ्या आतून हायेत," तो म्हणाला. "तुम्हालेच खोला लागते. इस्क्रूच्या खाचेतला रंग खरडा, मंग हे घ्या." त्यानं गजांतून पेचकस दिला. रुपरावनं एक स्क्रू काढायला घेतला आणि पेचकस घसरून त्याच्या अंगठ्यात गेला. मग इंदूबाईनं डोक्यातला आकडा काढला, एकेका खाचेतला हिरवा रंग खरडला आणि बाराच्या बारा स्क्रू स्वतः सोडवले. धोंडबानं बाहेरून पटाशी घातली. पल्ला करकरत सुटला आणि रुपराव त्याच्या मागून बाहेर आला. तो कोणाकडे न बघता सरळ मागच्या पडवीत गेला. तिथला दरवाजाही फुगून लागत नव्हता, पण त्या वेळी कोणी तिकडे बघितलं नाही.

धोंडबानं त्याच दिवशी पाचही पल्ले काढले आणि टिनाखाली आडवे रचले. घर पुन्हा उघडं झालं. खोकणं आणि बांगड्या परत सुरू झाल्या. नवीन पडदा रुपरावनं स्वतः बांधला, वर दोन दोऱ्या आणि खाली विटा. सप्टेंबरात उरलेली फरशी झाली, दसऱ्यानंतर घिसाई, मग चुना. दिवाळी उलटल्यावर धोंडबानं वाळलेले पल्ले तासले, टांगून बघितले, पुन्हा काढले आणि अंगणात लाकडी घोड्यांवर आडवे ठेवले. ताराचंदला बोलावलं. तो हिरवा रंग खरवडताना अजिबात लाजला नाही.

"ऊपर की बाजू कौन देखता है, मिस्त्री?" अस्तर मारताना तो म्हणाला.

"मी पाह्यतो," धोंडबा म्हणाला, आणि रंधा खाली ठेवून खरंच बघत बसला.

चार पल्ल्यांना शामलानं सायीचा रंग निवडला. पाचव्यासाठी तिनं दुकानात बराच वेळ लावला आणि शाईसारखा गडद निळा आणला. ताराचंद म्हणाला, बाई, एकाच घरात दोन रंग बरे दिसत नाहीत. रुपराव तिथेच उभा होता. "तिचं घर हाय," तो म्हणाला. "बिलकुल," ताराचंद म्हणाला.

रंग आठ दिवस वाळू दिला. नोव्हेंबरातल्या एका रविवारी धोंडबानं पल्ले टांगले, कड्या ठोकल्या, बिजागऱ्यांत थोडं खोबरेल सोडलं, जेवला आणि सावनेरच्या बसला गेला.

दुपारी शामला आपल्या खोलीत गेली. निळा दरवाजा लोटला. आवाज झाला नाही. तिनं कडी लावली आणि खाटेवर बसली. काय करायचं हे ठरवलेलं नव्हतं, म्हणून नुसती बसली.

दहा मिनिटांत पार्वतीबाईंनी दार वाजवलं. "शामे, बरं नाही का तुले?"

"बरी हाय."

"मंग आत काय करून राहिली?"

"काई नाही."

पार्वतीबाई हा जबाब घेऊन गेल्या. थोड्या वेळानं रुपराव आला. वर्तमानपत्र आत आहे का, विचारलं. नव्हतं. मग त्यानं, चहा पाहिजे का, विचारलं. हा प्रश्न त्यानं आयुष्यात पहिल्यांदा विचारला होता आणि चहा इंदूबाईलाच करावा लागणार होता. शामला नको म्हणाली. पाचेक मिनिटांनी पार्वतीबाई परत आल्या आणि बाहेर जमिनीवर बसून तांदूळ निवडू लागल्या, म्हणजे आत काही झालंच तर जवळ कोणी असावं.

तिसऱ्यांदा दार वाजलं ते फार हळू.

"वन्सं, मी हाय."

शामलानं दार उघडलं. इंदूबाई रिकाम्या हातानं उभी होती. निरोप नाही, चहा नाही.

"मी बसू का थोडा वेळ?" तिनं विचारलं. "आमच्या खोलीत ते झोपून राहिले."

शामला बाजूला झाली. इंदूबाई आत आली, भिंतीशी सतरंजीवर बसली, आणि कडीकडे बघून म्हणाली, "लावा ना ते."

शामलानं कडी लावली. बाहेर तांदळाचं सूप थांबलं. "आता दोघी दोघी आत काय करून राहिल्या?" पार्वतीबाईंनी विचारलं.

इंदूबाईनं पाय लांब केले, पदर चेहऱ्यावर ओढून घेतला, आणि चारच्या चहापर्यंत तिथेच गाढ झोपली.